वाचकांचे प्रश्न : वेल्डिंग जनरेटरच्या सॉकेटमधील वीज

इंजिनवर चालणाऱ्या वेल्डिंग मशीनच्या दर्शनी पट्टीवर होल्डर आणि अर्थ क्लॅम्पच्या जोडण्यांखेरीज दोन-तीन साधी सॉकेटेही असतात. जिथे विजेची लाइन पोहोचलेली नाही अशा कामावर ग्राइंडर, ड्रिल आणि दिवे त्यांच्यावरच चालतात. हे सॉकेट भिंतीतल्या सॉकेटसारखे दिसते, म्हणून त्याच्याशी तसेच वागले जाते, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. भिंतीतल्या सॉकेटमागे ट्रान्सफॉर्मर, अर्थिंग, तारांचे जाळे आणि ते सांभाळणारी माणसे असतात. येथे मागे एकटे इंजिन असते, आणि वीज कंपनीची सारी कामे मशीन चालवणाऱ्याच्या अंगावर येतात. या विषयावर आलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या मशीनच्या पाटीवर सॉकेटची क्षमता ६ केव्हीए लिहिलेली आहे. वेल्डिंग बंद असताना मोठा ग्राइंडर आणि हॅलोजन दोन्ही व्यवस्थित चालतात; पण मी १५० अँपिअरवर रॉड लावला की मदतनिसाचा ग्राइंडर दमतो आणि ब्रेकर न पडताच कधी कधी थांबतो. मशीनमध्ये बिघाड आहे का?

उत्तर : बिघाडाची शक्यता कमी दिसते. पाटीवरचा ६ केव्हीए हा आकडा वेल्डिंग पूर्ण बंद असतानाचा आहे. वेल्डिंगसाठी आणि सॉकेटसाठी मशीनच्या आत वाइंडिंग वेगवेगळे असले, तरी दोन्हींना ताकद पुरवणारे इंजिन एकच असते, आणि वेल्डिंगने आपला वाटा उचलल्यावर जे उरते तेवढेच सॉकेटच्या वाट्याला येते.

हिशेब करून पाहू. रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचे व्होल्टेज काढण्यासाठी एक प्रमाणित सूत्र वापरतात : अँपिअरच्या आकड्याला ०.०४ ने गुणावे आणि त्यात २० मिळवावे. १५० अँपिअरसाठी ते २६ व्होल्ट येते, म्हणजे प्रत्यक्ष आर्कवर ३.९ किलोवॅट खर्च होतात. मशीनच्या आतला तोटा लक्षात घेऊन कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्यासाठी इंजिनाला साडेपाच किलोवॅटपेक्षा थोडे जास्तच द्यावे लागतात. आपले इंजिन ८ किलोवॅटचे आहे असे मानू. मग अडीच किलोवॅटही शिल्लक राहत नाहीत, आणि त्यातून अल्टरनेटरचा (इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणाऱ्या भागाचा) तोटा वजा केल्यावर सॉकेटवर जेमतेम दोन किलोवॅट मिळतात. १८० मिलिमीटर चकतीचा ग्राइंडर दाबून चालवला की एकटाच दोन किलोवॅटच्या आसपास घेतो, आणि हॅलोजनचे ५०० वॅट त्यावर वेगळे असतात. ब्रेकर पडत नाही, कारण तो फक्त सॉकेटमधून जाणारा करंट पाहतो, आणि तो करंट मर्यादेतच असतो. दमलेले असते ते इंजिन, आणि इंजिन दमल्याचे ब्रेकरला कळण्याचा काही मार्ग नाही.

बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत कोणत्या वेल्डिंग करंटला सॉकेटवर किती वॅट उरतात याचा तक्ता दिलेला असतो. आमच्या मते पुस्तिकेतले सर्वांत उपयोगाचे पान तेच, आणि ते पेटीत पडून राहण्यापेक्षा मशीनच्या झाकणावर चिकटवलेले बरे. तो तक्ता वाचताना दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. पाटीवर कमाल आणि अखंड असे दोन आकडे असतील, तर दिवसभराच्या कामाचे नियोजन अखंड आकड्यावरूनच करावे, कारण कमाल क्षमता थोड्या वेळापुरतीच असते. दुसरी बाब अशी की केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) ०.८ असलेल्या लोडसाठी ६ केव्हीएमधून ४.८ किलोवॅटच कामाला येतात. खूप उंचावरच्या ठिकाणी हवा विरळ असल्याने साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते, आणि त्या घटीची झळ आधी सॉकेटलाच लागते.

प्रश्न : त्याच क्षमतेच्या मशीनवर दोन अश्वशक्तीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर ५० मीटर केबल टाकून लावला. वेल्डिंग बंद असूनही तो सुरू होत नाही, नुसता गुरगुरतो. चालू असताना तो १० अँपिअरच घेतो, मग ६ केव्हीए कमी का पडावेत?

उत्तर : चालू असतानाचा करंट आणि सुरू होतानाचा करंट यांत फार मोठे अंतर असते. इंडक्शन मोटर थेट लाइनवर सुरू केली, तर पहिल्या क्षणी ती चालू करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते. आपल्या कॉम्प्रेसरसाठी तो ५० ते ७० अँपिअर होतो, म्हणजे २३० व्होल्टला साडेअकरा ते सोळा केव्हीए. वीज कंपनीच्या लाइनवर हा झटका सहज पचून जातो; लहान अल्टरनेटरचे व्होल्टेज मात्र त्या क्षणी कोसळते, आणि मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने व्होल्टेज निम्मे झाले की जोर पावच उरतो. ग्राइंडर आणि हातड्रिलमधील कार्बन ब्रशच्या मोटरी या बाबतीत बऱ्याच सौम्य असतात, त्यामुळे त्यांच्या अनुभवावरून कॉम्प्रेसरचा अंदाज बांधता येत नाही.

आपल्या बाबतीत केबलनेही हात धुऊन घेतले आहेत. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या लवचिक केबलचा रोध किलोमीटरला १३.३ ओहमच्या आसपास असतो. ५० मीटर जाणे आणि ५० मीटर येणे मिळून तो १.३३ ओहम झाला. १० अँपिअरला त्यात १३ व्होल्ट गळतात, ते चालून जाते. पण सुरुवातीच्या ५० अँपिअरला ६६ व्होल्ट वाटेतच संपतात. अडीच चौरस मिलिमीटरची केबल वापरली, तर हीच गळती ४० व्होल्टच्या आसपास येते. आमचा सल्ला असा की केबल लांबवण्याऐवजी कॉम्प्रेसर मशीनजवळ ठेवावा आणि हवेची नळी लांबवावी. टाकीत हवा नसताना, अनलोडर व्हॉल्व्ह (साचलेला दाब सोडून देणारी झडप) उघडा ठेवून आणि इतर कोणतेही लोड जोडण्यापूर्वी सर्वांत आधी कॉम्प्रेसर सुरू करून पाहावा. तरीही तो गुरगुरत राहिला, तर दोन-तीन सेकंदांत बंद करावा, कारण अडकलेल्या मोटरचे वाइंडिंग फार लवकर तापते. आणि केबल रिळावर गुंडाळलेली असेल, तर ती वापरण्यापूर्वी पूर्ण उलगडावी. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि बाहेरून हात लावून ती कळतही नाही.

प्रश्न : ग्राइंडर वापरताना सहकाऱ्याला शॉक बसला, म्हणून सॉकेटच्या पुढे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला. टेस्टचे बटण दाबले की तो लगेच पडतो. आता धोका उरलेला नाही असे समजावे का? शिवाय जमिनीत अर्थिंगची सळई ठोकणे आवश्यक आहे का?

उत्तर : या सदराकडे येणाऱ्या विद्युत प्रश्नांपैकी हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे टेस्टचे बटण माणसाला खोटा धीर देऊ शकते.

आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांची सतत तुलना करतो आणि त्यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा फरक पडला की तोडतो. फरक केव्हा पडतो? काही करंट माणसाच्या अंगातून किंवा यंत्राच्या बॉडीतून, न्यूट्रल सोडून दुसऱ्या वाटेने परत जातो तेव्हा. वीज कंपनीच्या व्यवस्थेत ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असल्याने ती दुसरी वाट तयारच असते. वेल्डिंग जनरेटरमध्ये मात्र सॉकेटच्या वाइंडिंगचे एकही टोक मशीनच्या सांगाड्याला जोडलेले नसण्याची शक्यता असते. अशा व्यवस्थेला तरंगता न्यूट्रल म्हणतात. तेथे ग्राइंडरच्या बॉडीला फेज लागला, तरी करंटला वाइंडिंगकडे परतण्याची वाटच मिळत नाही, फरक पडत नाही आणि आरसीसीबी गप्प राहतो. टेस्टचे बटण मात्र उपकरणाच्या आतच, तुलना करणाऱ्या कॉइलला वळसा घालून, एका रोधातून फेज आणि न्यूट्रल जोडते. म्हणून मागची व्यवस्था कशीही असली तरी बटण दाबल्यावर तो पडणारच. त्या बटणाने आरसीसीबीची यंत्रणा हलते एवढेच सिद्ध होते.

वाट नसेल तर शॉकही बसणार नाही, असे यावर कोणी म्हणेल, आणि पहिल्या बिघाडापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण पहिला बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही आणि तसाच राहतो. एका ग्राइंडरमध्ये फेज बॉडीला टेकलेला, दुसऱ्या ड्रिलमध्ये न्यूट्रल बॉडीला टेकलेला, आणि दोघे कारागीर एकाच लोखंडी मचाणावर : अशा वेळी दोघांच्या हातांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. आपल्या सहकाऱ्याला चांगलाच शॉक बसला असेल आणि न्यूट्रल तरंगता असेल, तर आणखी कुठेतरी एक बिघाड आधीपासून दबा धरून बसला असावा, असे धरून सर्व अवजारे, केबली आणि बोर्ड तपासून घ्यावेत. तरंगत्या व्यवस्थेवर एका वेळी एकच अवजार, तेही दुहेरी इन्सुलेशनचे, चालवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

आपल्या मशीनची व्यवस्था कोणती आहे हे पाहणे अवघड नाही. इंजिन बंद करून, सर्व प्लग काढून, मल्टिमीटरने सॉकेटच्या न्यूट्रल भोकापासून सांगाड्याच्या उघड्या धातूपर्यंत कंटिन्युइटी (सलग जोडणी) पाहावी. ती मिळाली तर न्यूट्रल थेट किंवा वाइंडिंगमधून सांगाड्याला जोडलेला आहे. न मिळाली तर तरंगता आहे. चाचणीत काहीही निघाले तरी हाताशी असलेला तारेचा तुकडा घेऊन स्वतः जोडणी करू नये. काही मशीनमध्ये वाइंडिंगचा मध्यबिंदू आधीच सांगाड्याला जोडलेला असतो, आणि तेथे एक टोक सांगाड्याला जोडले की अर्धे वाइंडिंग शॉर्ट होते. उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, जाणकार वायरमनकडून हे काम करून घ्यावे आणि त्यानंतर आरसीसीबीची चाचणी मीटरने करावी.

सळईबाबत बोलायचे, तर तिच्यावर लोकांचा विश्वास गरजेपेक्षा जास्त आहे. न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला असताना बॉडीला लागलेला फेज अवजाराच्या अर्थ वायरमधून सांगाड्यात आणि तेथून न्यूट्रलमध्ये परततो. ही सारी वाट तांब्याची असते, करंट जबर वाहतो आणि ब्रेकर तत्काळ पडतो. सळईतून जाणाऱ्या वाटेचा रोध ५० ओहम असला, तर २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट वाहील, आणि १६ अँपिअरच्या ब्रेकरला त्याचे काहीच वाटणार नाही. म्हणून तिसरी पिन तोडलेला प्लग किंवा अर्थ वायर नसलेली एक्स्टेन्शन केबल ही सळई नसण्यापेक्षा कितीतरी घातक गोष्ट आहे. पुस्तिकेत किंवा कामाच्या जागेच्या नियमांत सळई सांगितली असेल, तर ती अवश्य ठोकावी. पण अर्थ वायरच्या बदली नव्हे. मशीन गाडीवर बसवलेले असेल, तर सांगाडा आणि गाडीची चासी जाड तांब्याच्या तारेने जोडावी, कारण मधले रबरी पॅड आणि रंगाचा थर यांमुळे दोन्ही एकमेकांपासून तुटलेले असू शकतात.

प्रश्न : जॉबवर (वेल्डिंग करायच्या लोखंडावर) बंद ग्राइंडर ठेवलेला होता, प्लग सॉकेटमध्येच होता. वेल्डिंग चालू असताना त्याच्या केबलमधून धूर आला. उघडून पाहिले तर फेज आणि न्यूट्रल शाबूत, फक्त अर्थ वायर जळालेली. हे कसे घडले?

उत्तर : ग्राइंडरच्या अर्थ वायरमधून वेल्डिंगचा करंट गेला. अर्थ क्लॅम्प गंजावर किंवा रंगावर लावलेला असला, अथवा त्याची केबल आतून तुटत आलेली असली, की परतीच्या करंटला नेहमीची वाट अवघड होते आणि तो मिळेल ती वाट धरतो. जॉबवर टेकलेल्या ग्राइंडरची धातूची बॉडी, तिची अर्थ वायर, तेथून मशीनचा सांगाडा, अशी वाट त्याला मिळाली. अर्थात ती पूर्ण होण्यासाठी क्लॅम्पकडचे टर्मिनल आणि सांगाडा कुठेतरी जोडलेले असावे लागतात. कोणी मुद्दाम पट्टी टाकून जोडलेले असतील, किंवा मशीन आणि क्लॅम्प दोन्ही एकाच लोखंडी फलाटाला लागलेले असतील. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून शंभराच्या वर अँपिअर गेल्यावर ती जळणारच.

खरी काळजी पुढची आहे. अर्थ वायर जळूनही असा ग्राइंडर पूर्वीसारखाच चालतो, आणि त्याचे संरक्षण गेलेले आहे हे कोणालाही कळत नाही. त्या वेळी जॉबवर टेकलेल्या इतर सर्व अवजारांची अर्थ वायरही मीटरने तपासून घ्यावी. क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळ, घासून चकचकीत केलेल्या धातूवर लावावा. अवजारे जॉबवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावीत. आणि पुस्तिकेत सांगितलेले नसेल, तर क्लॅम्पचे टर्मिनल सांगाड्याला जोडू नये.

प्रश्न : मशीन ऑटो आयडलवर ठेवले असताना मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवा लावला तर दिवा लुकलुकतो. चार्जर खराब होईल का?

उत्तर : होऊ शकतो. लोड नसल्याचे पाहून ऑटो आयडल इंजिनाचा वेग कमी करते, आणि चार्जरसारखे अगदी लहान लोड बहुतेक मशीनना जाणवतच नाही. ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ देणारा अल्टरनेटर २२०० फेऱ्यांवर जेमतेम ३७ हर्ट्झ देतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही घसरते. सॉकेट वापरताना आयडलचा स्विच पूर्ण वेगावर ठेवावा. पंपासारखी मोटर असेल तर हे विशेष पाळावे, कारण कमी फ्रिक्वेन्सीला ती जास्त करंट ओढून तापते. ज्या मशीनमध्ये सॉकेटची वीज इन्व्हर्टरमधून येते, तेथे इंजिनाच्या वेगाचा हा प्रश्न येत नाही. तरीही रॉड लावण्याच्या क्षणी बसणारा झटका बहुतेक मशीनमध्ये सॉकेटपर्यंत पोहोचतो, म्हणून लॅपटॉप आणि मोजमापाची उपकरणे वेल्डिंग चालू असताना लावू नयेत.

प्रश्न : जुने मशीन घेतले आहे. त्याच्या सॉकेटवर डीसी असे कोरलेले आहे. त्यावर काय चालेल?

उत्तर : व्होल्टेज जुळत असेल तर साधे फिलामेंटचे बल्ब चालतील, आणि ज्यांच्या पाटीवर एसी व डीसी दोन्ही लिहिलेले आहे अशी कार्बन ब्रशची अवजारे चालतील. ट्रान्सफॉर्मर असलेले कोणतेही उपकरण, इंडक्शन मोटर आणि ट्यूबलाइटचा चोक डीसीवर जळतात. अवजारातील वेग बदलण्याचे इलेक्ट्रॉनिक बटणही बहुधा टिकत नाही. केवळ एसीसाठी बनवलेल्या स्विचने डीसी तोडताना संपर्कांमध्ये आर्क टिकून राहतो, म्हणून अवजार आपल्या स्विचने बंद होईलच असे धरून चालू नये. ही सॉकेटे रंगवून किंवा वेगळ्या आकाराचे प्लग बसवून वेगळी ओळखू येतील अशी करून घ्यावीत.

प्रश्न : वीज गेल्यावर या मशीनवरून कार्यशाळेचे दिवे चालवायचे आहेत. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली, तर चालेल का?

उत्तर : अजिबात चालणार नाही. अशा वायरच्या एका टोकाच्या पिना मोकळ्या राहिल्या की त्यांत २३० व्होल्ट उघडे असतात. मुख्य स्विच बंद करायचा राहिला, तर आपली वीज उलटी लाइनवर जाते, वितरण ट्रान्सफॉर्मर तिला उलट दिशेने हजारो व्होल्टवर चढवतो आणि वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. मुख्य स्विच आठवणीने बंद करीन, असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर एवढेच की अंधारात आणि घाईत माणूस तेच विसरतो. कायमस्वरूपी चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, जो एका वेळी एकाच बाजूला जोडला जातो आणि फेजसोबत न्यूट्रलही बदलतो. न्यूट्रल कुठे आणि किती ठिकाणी अर्थ करायचा याचा निर्णय त्या वेळी वायरमनने नव्याने करावा, कारण फिरत्या अवजारांसाठी सांगाड्याला केलेली जोडणी येथे जशीच्या तशी चालेल असे नाही.

प्रश्न : पावसात मशीन शेडमध्ये आत घेऊन, दार उघडे ठेवून चालवले तर चालेल का? शिवाय इंधन संपून मशीन आपोआप बंद पडले, तर त्याने काही नुकसान होते का?

उत्तर : दार उघडे असले तरी आत घेऊ नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि डोके जड होऊ लागल्यावर माणसाला बाहेर पडण्याचे सुचत नाही. मशीन दार-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून ठेवावे. वर पत्र्याचे छत चालेल, पण बाजू मोकळ्या असाव्यात आणि सॉकेटवर पाणी उडू नये.

इंधन संपू देण्याची सवय मात्र मोडावी. इंजिन धापा टाकत थांबते तेव्हा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही हळूहळू घसरतात आणि जोडलेल्या मोटरींना ते सोसत नाही. शिवाय काही अल्टरनेटरमध्ये लोडवर असताना असे बंद पडल्याने रोटरमधील उरलेले चुंबकत्व जाते. मग इंजिन नीट चालूनही सॉकेटवर काहीच येत नाही आणि बाहेरून डीसी देऊन ते पुन्हा जागवावे लागते. मशीन बंद करताना आधी अवजारे बंद करून प्लग काढावेत, दोन-तीन मिनिटे इंजिन लोडशिवाय चालू द्यावे आणि मग थांबवावे. इंधन भरायचे ते इंजिन निवल्यावरच.